पेनिसिलिनचा वाटा

चौबळ डॉक्टरांचा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि ऐकू आला की मी अजून दचकतो. तारापूरला मी पोस्टमास्तर होतो तेव्हा माझं पोस्ट आणि त्यांचा दवाखाना यांच्यामध्ये एकच भिंत होती. तीही खाली विटांची आणि वर फळ्यांची, फळ्यांना चांगल्या बोटभर फटी. पलीकडे कुणाला सुई टोचली की इकडे मनीऑर्डर लिहिणारा माणूस कळवळायचा. सुई घेऊन रोगी पायरी उतरला, रस्त्याला लागला, की मागून हाक यायची, "उद्या यायचं." रोगी मान डोलवून पुढे जायचा. तो वळणापाशी पोहोचला की दुसरी हाक, पहिलीपेक्षा मोठी, "बरं वाटलं तरी यायचं." माझ्या हातातला तारखेचा शिक्का त्या हाकेनं कितीदा तरी तिकीट सोडून भलतीकडे पडला आहे.

गावातली पोरं त्यांना 'उद्या डॉक्टर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. उलट एकदा मला म्हणाले की मास्तर, नाव ठेवायचंच तर हे बरं आहे, हाक मारताना तरी त्यांना उद्याची आठवण होईल.

अंगानं ते काटकुळे, उंच, आणि कायम घाईत. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशात थर्मामीटर. सकाळी सातला त्यांचा स्टोव्ह फुरफुरायला लागायचा. काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळायच्या, मग एका गुळगुळीत दगडावर एकेक सुई घासून तिला धार लावायची. धार लागली की नाही हे ते कापसावर ओढून बघत. सुईच्या टोकाला कापसाचा एक तंतू जरी अडकला तरी सुई परत दगडावर. मी भिंतीच्या अलीकडे चहा पीत तो घासण्याचा आवाज ऐकायचो आणि आज आपल्याला ताप नाही याबद्दल देवाचे आभार मानायचो.

अर्धवट गोष्टीची त्यांना चीड होती, आणि ही चीड औषधापुरती नव्हती. ताटात एक घास राहिलेला त्यांना चालत नसे. वर्तमानपत्र घेतलं की शेवटच्या पानावरच्या टॉनिकच्या जाहिरातीपर्यंत वाचत. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बुद्धिबळ मांडायचो. मी काही फार मोठा खेळाडू नाही, पण ते माझ्याहून वाईट खेळत. वजीर गेला, दोन्ही हत्ती गेले, आता काय उरलं, मी मोहरी गोळा करायला हात पुढे केला की माझा हात धरायचे. मी म्हणायचो, डॉक्टर, हरलात की. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, की मग पुरतं हरू द्या.

हे कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. डॉक्टर शाळेत असताना त्यांच्या थोरल्या भावाच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, लाल रेघ मांडीपर्यंत चढली, आणि चांगला तालीमबाज मुलगा तापात बडबडत गेला. तेव्हा त्याला देण्यासारखं जगात काही नव्हतं. पुढे डॉक्टर मुंबईला शिकायला गेले तेव्हा पेनिसिलिन नुकतंच आलेलं. पहिल्यांदा त्यांनी ते ज्याला दिलेलं पाहिलं तो माणूस गोदीतला हमाल होता आणि त्याच्या पायावर अगदी तशीच रेघ होती. त्याची बायको रडून थकून भिंतीला टेकली होती. दुसऱ्या दिवशी हमालानं भाकरी मागितली. हे सांगताना डॉक्टर थांबले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "मास्तर, काट्यानं माणूस मरायचा काळ संपला, असं मला त्या दिवशी वाटलं." मग ते या किनाऱ्यावर आले, जिथं प्रत्येकाच्या हातापायाला रोज माशाचा काटा लागतो.

त्यांच्या हट्टाचे किस्से गावात पुष्कळ होते. त्या वर्षांत अणुवीज केंद्राच्या बांधकामावर देशभरातून माणसं आली होती. त्यातला एक दांडगा मुकादम बोईसरजवळ सालवडला राहायचा. न्यूमोनियानं आला, दोन सुयांत ताप उतरला, आणि मग फिरकलाच नाही. डॉक्टरांनी सायकल काढली. मला बरोबर नेलं ते साक्षीदार म्हणून की ओझं म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही. मुकादम खोलीत चार जणांबरोबर पत्ते कुटत बसला होता. म्हणाला, "साहब, बुखार तो उतर गया." डॉक्टर स्टोव्ह शोधत म्हणाले, "बुखार उतरा है, मरा नहीं है." त्यांनी तिथंच पाणी उकळलं, आणि हातातले पत्ते खाली न ठेवता त्या पहिलवानानं पालथं पडून सुई घेतली. त्याचे सोबती इतके हसले की डाव मोडला. डॉक्टर मात्र दारातून वळून म्हणाले, "कल आना. नहीं तो मैं आऊंगा." दुसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं तारापूरला आला.

खाडीपलीकडच्या दांडी गावची हिराबाय त्यांच्याकडे आली तीही अशीच काट्यानं. मासळी विकणारी, चांगली धिप्पाड बाई, नवरा दर्यात बुडालेला, एक मुलगा धर्मा आणि एक होडी. तळहात सुजून भाकरीएवढा झाला होता. डॉक्टरांनी तिला बरं केलं आणि ती त्यांची झाली. बाजाराला जाताना आमच्या ओट्यावर मासळीची पाटी टेकवून ती घटकाभर बसे, मला सुके बोंबील देई, आणि डॉक्टरांशी वाद घाली. गावात कुणाला काय झालं, कोण खोकतंय, कुणाचं पोर तापलंय, हे सगळं डॉक्टरांना तिच्याकडून कळे.

एकदा तिनं सरळच विचारलं, की ताप गेला, माणूस उठून जाळं विणायला बसला, तर वर सुया कशाला? रोग्यांवर ओरडणारे डॉक्टर तिच्यावर ओरडले नाहीत. ओट्यावर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"तुझी होडी पाण्यात उभी आहे," ते म्हणाले. "बाहेरचं पाणी सारखं आत यायला बघतंय. मग ती बुडत का नाही? फळ्या घट्ट बसल्यात म्हणून. जंतूचं तसंच असतं. त्याच्या अंगाभोवती एक भिंत असते, तिच्यावर त्याचा जीव. आता तो वाढायला लागला, एकाचे दोन व्हायला लागला, की ती भिंत त्यालाच उसवावी लागते आणि नव्या फळ्या घालून जोडावी लागते. पेनिसिलिन त्याच्या सुताराचे हात धरून ठेवतं. उसवणं चालू राहतं, जोडणं बंद. पाणी आत शिरतं, आणि तो फुटतो."

हिराबायनं थोडा विचार केला. "मंग मानूस कसा नाय फुटत?"

डॉक्टर खूश झाले. माणसाच्या शरीरातल्या पेशींना तशी भिंतच नसते, म्हणून हे औषध जंतूला मारतं आणि आपल्याला सोडतं, असं त्यांनी सांगितलं. मग बोट उभारून म्हणाले, "आता खरी गोष्ट ऐक. एखादा जंतू वाढतच नसला, नुसता दबा धरून बसला असला, तर त्याचं सुतारकाम बंदच आहे. हात कुणाचे धरणार? तो वाचतो. आणि औषध थांबलं की उठतो. म्हणून उद्या यायचं."

"असा हाय का तो," हिराबाय म्हणाली, आणि पाटी उचलून गेली. डॉक्टर दिवसभर खुशीत होते. एवढं तर आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना कळलं नव्हतं, असं मला दोनदा सांगून झालं.

या खुशीतच त्यांनी ती गोष्ट केली. दांडीहून तारापूर फार लांब नाही, पण मध्ये खाडी. भरतीच्या वेळी पलीकडचा पलीकडे, आणि तापानं फणफणलेला माणूस रोज सुईसाठी येणार कसा? तेव्हा डॉक्टरांनी हिराबायला सुई द्यायला शिकवलं. कच्च्या पपईवर. आठवडाभर दवाखान्यात पपया टोचल्या जात होत्या आणि आमच्याकडे त्यांची भाजी होत होती. तिचा हात जन्मजात हलका होता, मासळी सोलणारा हात. तिला एक पिचकारी दिली, दोन सुया दिल्या, उकळायचं कसं ते दाखवलं. मग दांडीचा रोगी आला की डॉक्टर त्याला तपासत, पहिली सुई स्वतः देत, आणि उरलेल्या बाटल्या मोजून हिराबायच्या हवाली करत. अट एकच, रिकामी बाटली परत आणायची. पुरतं झालं की नाही ते त्यावरून कळेल.

ती एकही बाटली विसरली नाही. धुऊन, पुसून, गळ्याला जाळ्याचं सूत बांधून बाटल्यांची माळच घेऊन यायची. डॉक्टर ती माळ खिडकीला लटकवत. सकाळचं ऊन आलं की भिंतीच्या फटीतून माझ्या टेबलावर तिचे ठिपके पडत. येणाऱ्या-जाणाऱ्याला डॉक्टर ती माळ दाखवत. एक थेंब वाया नाही, एक सुई चुकवलेली नाही, सगळ्या ठाणे जिल्ह्यात असं गाव दाखवा, म्हणायचे. एवढे अभिमानानं बोलताना मी त्यांना दुसऱ्या कशाबद्दलच ऐकलेलं नाही.

मग गळवं यायला लागली. दांडीतल्या माणसांना काखेत, मानेवर, मांडीत, लाल, टणक, भरलेली गळवं. पूर्वी अशी गळवं डॉक्टर हसत बरी करत. आता सुया संपल्या तरी गळू तसंच. आधी त्यांना माल खराब वाटला. औषध उन्हात राहिलं असेल म्हणून ते दुकानदाराशी भांडले. त्याच खोक्यातलं औषध तारापूरच्या एका मुलाला लागू पडलं तेव्हा गप्प झाले. आणि एका सकाळी हिराबाय नवी माळ घेऊन आली तेव्हा त्यांनी सहज विचारलं, की त्या होडीवरच्या म्हाताऱ्या तांडेलाला सगळ्या सुया दिल्यास ना?

"दिल्या की," ती म्हणाली. "त्याला दिली, भिमीच्या पोराला दिली, पलीकडच्या दोघांना दिली. एक माजे माहेरी दातिवऱ्याला धाडली, भावाला ताप व्हता. कोनाला कमी नाय नि जास्ती नाय. वाटा घातला."

मी भिंतीच्या अलीकडे होतो. मला वाटलं आता छप्पर उडणार. पलीकडून आवाजच आला नाही.

वाटा म्हणजे काय ते मी दांडीला पाहिलं होतं. होडी लागली की मासळी वाळूवर ओतायची आणि तिचे सारखे ढीग करायचे. एक होडीचा, एक जाळ्याचा, प्रत्येक खलाशाचा एक. शिवाय जो आजारी म्हणून घरी पडला आहे त्याचा एक, आणि जिचा माणूस दर्यानं नेला तिचाही एक. ढीग सारखे झाल्याशिवाय कुणी मासळीला हात लावत नाही. नवरा गेल्यावर हिराबायनं धर्माला वाढवलं ते या ढिगावर. तिच्या हातात मौल्यवान वस्तू आली आणि शेजारी चार माणसं कण्हत होती, तेव्हा ती सगळी एकाच्या अंगात घालायची हे तिला सुचणंच शक्य नव्हतं.

डॉक्टरांनी तिला समजावलं, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकाला पुरं घालू, तं बाकीच्यांना तोंड काय दाखवू?" डॉक्टरांनी पिचकारी परत मागून घेतली. तिनं ती दुसऱ्या दिवशी उकळून आणून दिली. खिडकीतल्या माळा त्यांनी काढल्या आणि मागच्या परसात पुरल्या.

पुढच्याच हिवाळ्यात, बोंबील वाळत घालायचे दिवस होते, धर्माची बायको येसू बाळंत झाली. मुलगा झाला. थोड्याच दिवसांत तिचा एक स्तन दगडासारखा झाला आणि ताप चढला. त्याच सुमारास धर्माच्या मांडीत काटा घुसून गळू झालं होतं, ते आत आत गेलं. दोघांनाही एकाच होडीतून आणलं. दवाखान्यात दोनच खाटा होत्या. एकीवर नवरा, एकीवर बायको, मध्ये जमिनीवर नातवाला घेऊन हिराबाय. डॉक्टरांनी दोघांचा पू काढला, पेनिसिलिन भरपूर दिलं, स्वतःच्या हातानं, वेळेवर दिलं. ताप हलला नाही.

तेव्हा त्यांनी पू एका काचेच्या नळीत घेतला, नळी कापसात गुंडाळून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि बोईसरहून गाडी पकडून मुंबईला गेले. त्यांचा एक कॉलेजमधला मित्र तिथं प्रयोगशाळेत होता. नळी देऊन, उत्तराची वाट बघून, दुसऱ्या संध्याकाळी परत आले. हातात एक छोटं खोकं होतं. ओट्यावर माझ्याजवळ बसले आणि पाणी मागितलं.

"मास्तर, त्यांच्याजवळ कात्री आहे," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. हजारो जंतूंत एखादा आधीपासूनच असा असतो की तो स्वतः एक रस सोडतो. पेनिसिलिनमध्ये एक कडी असते, तिच्यावर त्याचं सगळं सामर्थ्य. हा रस ती कडीच तोडतो. सुतारापर्यंत औषध पोहोचायच्या आत त्याचे तुकडे. औषध जंतूला हे शिकवत नाही. पण अर्धवट औषध बाकीच्या सगळ्यांना मारतं, आणि या एकट्याला मोकळं रान करून देतं. त्याची पिल्लं, त्यांची पिल्लं, सगळी कात्री घेऊनच जन्मतात. मित्र म्हणाला होता की मनाला लावून घेऊ नकोस, मुंबईच्या वॉर्डांत हे तुझ्या आधीपासून आहे, बांधकामावरच्या माणसांबरोबरही आलं असेल. मीही तेच म्हणालो. डॉक्टर म्हणाले, "आलं असेल. रान मी करून दिलं."

खोक्यात नवं औषध होतं. पेनिसिलिनच, पण त्या कडीला असा आडोसा केलेला की कात्री पोहोचू नये. परदेशातून यायचं आणि मुंबईतही मिळायची मारामार. मित्राजवळ होतं तेवढं त्यानं दिलं. ते एका माणसाला पुरतं होतं, जेमतेम. आणखी मिळालं की पार्सलनं धाडतो, असं त्याचं वचन होतं.

पुढचं मी भिंतीच्या फटीतून पाहिलेलं आहे. बघायला नको होतं, पण तिथून उठणंही जमलं नाही. हिराबायनं खोकं पाहिलं आणि ती उठून बसली. काय करायचं हे तिच्या दृष्टीनं विचारायचीही गोष्ट नव्हती. दोन खाटा, दोन ढीग.

"अर्धं अर्धं केलं तर दोघंही जातील," डॉक्टर म्हणाले. "एकाला पुरतं देऊ. येसूला. तिचं विष रक्तात गेलंय. धर्मा अंगानं दणकट आहे, त्याचं गळू मी मोकळं केलंय. पार्सल येईपर्यंत तो तग धरेल."

"तुमी निवडनार?"

"मी निवडणार."

डॉक्टरांनी येसूला सुई दिली. शेजारच्या खाटेवरून धर्मा सगळं बघत होता. तापानं त्याचे डोळे लाल झाले होते, पण तो शुद्धीवर होता. डॉक्टर पिचकारी धुवायला वळले तेव्हा त्यानं विचारलं, "आनि माजा?"

"उद्या," डॉक्टर म्हणाले.

सकाळी बोईसरहून टपालाची थैली आली तेव्हा ते माझ्या आधी दारात उभे होते. मी थैली उघडली, टेबलावर उलटी केली. पत्रं होती, एक मासिक होतं, कुणाचं तरी लुगड्याचं पार्सल होतं. ते परत गेले. धर्मानं विचारलं, डॉक्टरांनी तेच उत्तर दिलं. त्याच्या पुढच्या सकाळी पुन्हा तेच. माझ्या नोकरीत मी हजारो थैल्या उघडल्या, पण थैलीची अशी भीती मला कधी वाटली नव्हती. मी गाठ सोडत असताना डॉक्टर माझ्या हातांकडे बघत राहायचे.

येसूचा ताप उतरला. तिनं डोळे उघडले, पोर मागितलं, पेज प्याली. खोक्यात काही बाटल्या उरल्या होत्या. आणि धर्मा आता बडबडायला लागला होता, मांडीवरची लाली पोटाकडे चढत होती. हिराबाय उठली. मी तिला कधी कुणाच्या पाया पडताना पाहिलं नव्हतं. तिनं डॉक्टरांचे पाय धरले.

"तिचा ताप गेला, डाक्तर. ती पेज प्याली. उरलंय तेवढं माज्या धर्माला द्या."

डॉक्टर दोन खाटांच्या मध्ये उभे होते. हातात बाटली होती. त्यांचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही. जे वाक्य ते इतकी वर्षं रस्त्यावर ओरडत आले होते, बरं वाटलं तरी यायचं, ते त्या घटकेला त्यांच्याच छातीवर बसलं होतं. मला तर वाटत होतं की द्या, डॉक्टर, जळो तो नियम, द्या त्याला. मग ते येसूच्या खाटेकडे वळले आणि तिची सुई तिला दिली. उरलेल्याही तिलाच दिल्या, शेवटच्या थेंबापर्यंत.

धर्मा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. त्या दिवशी सकाळीही त्यानं विचारलं होतं.

पार्सल त्यानंतर आलं. मी ते स्वतः नेऊन दिलं. त्यांनी सही केली, खोकं फळीवर ठेवलं, आणि मला बसा म्हणाले नाहीत. पुढे ते बांधकामावरच्या एका मजुराला दिलं गेलं, तो बरा होऊन आपल्या मुलखाला निघून गेला. उरलेल्या बाटल्यांनी धर्मा वाचला असता की दोघंही गेली असती, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी त्यांना म्हणालो की तुम्ही बरोबर केलंत, येसू जिवंत आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा ते वाक्य काढलं नाही. खरं सांगायचं तर ते म्हणताना माझाही त्यावर पुरता विश्वास नव्हता.

हिराबाय सुतक फिटल्यावर आली. आम्ही ओट्यावर होतो. तिनं पाटी खाली ठेवली नाही. उभ्यानंच म्हणाली, "तुमचं बराबर व्हतं, डाक्तर. येसू हाय, पोर हाय. पन आमी असं करत नाय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

त्यानंतर दवाखाना चालूच राहिला. सात वाजता स्टोव्ह फुरफुरायचा, सुया दगडावर घासल्या जायच्या. लोक येत होते, सुई मागत होते, कारण लोकांना सुईच हवी असते. काहींना ती लागू पडे, काहींना नाही. फक्त ती हाक बंद झाली. एकदम बंद झाली. रोगी पायरी उतरून रस्त्याला लागायचा, मी शिक्का हातात धरून वाट बघायचो, आणि मागून काहीच यायचं नाही. बुद्धिबळाचा पट मी एकदा मांडून पाहिला. चार चाली झाल्या, आणि ते उठून आत गेले. मोहरी तशीच राहिली.

माझी बदली पालघरला झाली. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला दवाखान्यात गेलो, तर हिराबाय तिथं आली होती. बोटाला काटा लागून बोट सुजलं होतं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. डॉक्टरांनी सुई उचलली, कापसावर ओढून बघितली, तंतू अडकला म्हणून परत घासली, पुन्हा बघितली. मग तिला टोचली. एवढ्या वर्षांत त्यांचा हात थोडाही जड झाला नव्हता.

ती पायरी उतरली. उतरून आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. पाटी तिनं डोक्यावर घेतली नव्हती. डॉक्टर पिचकारी धूत होते. मी बघत होतो. मला इतकंच हवं होतं की त्यांनी ते एकदा म्हणावं, तिच्यासाठी नाही तर माझ्यासाठी, मी निघालोय म्हणून.

शेवटी तीच वळली. "डाक्तर," तिनं विचारलं, "उद्या येऊ?"

डॉक्टरांचे हात पाण्यात थांबले. त्यांनी मान वर केली नाही. स्टोव्हवरचं पाणी उकळत होतं, त्याचा तेवढा आवाज येत होता. ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं पाटी उचलली आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागली. वळणावर, जिथपर्यंत त्यांची हाक पोहोचायची, तिथं ती एकदा थांबली, आणि मग गेली.